जुन्या ऑफरोड पिकअपला व्हील स्पेसर कसे बसवावेत

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये भारतात आली, तेव्हा ती २४५/७० आर१६ मापाच्या टायरवर उभी होती. त्या पहिल्या गाड्या आता जुन्या झाल्या, काहींचे दोन-तीन मालक बदलले, आणि पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलवाटांवर त्या नेणारे हौशी लोक कंपनीचे टायर झिजले की त्यांच्या जागी २६५/७० मापाचे मड टेरेन टायर घालू लागले. हा टायर २० मिलिमीटरने रुंद आणि २८ मिलिमीटरने उंच असतो. वाढलेल्या रुंदीचा निम्मा भाग चाकाच्या आतल्या बाजूला जातो, आणि मग स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचा खांदा पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मला किंवा चासीला घासतो की नाही, हे काही मिलिमीटरांवर ठरते. घासत असेल तर चाक थोडे बाहेर काढावे लागते, आणि त्यासाठी हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) व रिम यांच्यामध्ये जी जाड चकती बसवतात तिला स्पेसर म्हणतात. खाली उदाहरण व्ही-क्रॉसचे घेतले आहे. रीत मात्र जुन्या हायलक्सला, बोलेरो कॅम्परला किंवा अन्य पिकअपलाही तीच लागू पडते, फक्त मापे बदलतात.

हत्यारे हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. गाडीचा भार चाकाचे स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट चढवायचे बोल्ट) पेलतात, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणामुळे रिम हबवर घट्ट दाबली जाते, आणि दाबल्या गेलेल्या या दोन पृष्ठभागांमधले घर्षण चाकाचा भार वाहते. हा दाब कमी झाला की रिम केसभर सरकू लागते, स्टडला प्रत्येक फेऱ्यात आडवा हिसका बसतो आणि काही दिवसांनी तो तुटतो. स्पेसर लावल्यावर जिथे एक सांधा होता तिथे दोन होतात. म्हणून स्पेसरचे सारे काम दोन गोष्टींत आहे: टेकणारे पृष्ठभाग स्वच्छ व सपाट असणे, आणि नट नेमक्या ताकदीने आवळलेले असणे.

कायद्याची बाजूही आधीच पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावू लागला तर तपासणीत अडचण येणारच, आणि अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. गाडी रोज रस्त्यावर चालणार असेल तर आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारावे. नव्या रिम घ्यायच्याच असतील तर योग्य ऑफसेटच्या (हबवर टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते माप) घ्याव्यात; त्या महाग पडतात, पण सांधा एकच राहतो आणि माझ्या मते तोच मार्ग अधिक चांगला आहे. जुन्या रिम सुस्थितीत आहेत आणि खर्च आवरायचा आहे, अशा वेळी स्पेसरचा विचार करावा.

माप आणि निवड

व्ही-क्रॉसच्या चाकाला सहा स्टड असतात, समोरासमोरच्या स्टडच्या केंद्रांतील अंतर १३९.७ मिलिमीटर असते आणि स्टडचे आटे एम१२ × १.५ मापाचे, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडवर दर १.५ मिलिमीटरला एक आटा असे, असतात. हायलक्सलाही हीच मापे आहेत, आणि गफलत इथेच होते. दुकानदार ‘सहा स्टडचा स्पेसर’ म्हणून एकच वस्तू दोन्ही गाड्यांना देतो. ती स्टडवर चढतेही. परंतु हायलक्सच्या हबसाठी मधले भोक १०६.१ मिलिमीटरचे ठेवतात आणि व्ही-क्रॉसच्या हबचा मधला उंचवटा त्याहून लहान असतो, त्यामुळे तो स्पेसर हबवर न बसता नुसता स्टडवर लोंबतो. असा स्पेसर मध्यावर आहे की अर्धा मिलिमीटर एका बाजूला, हे आवळणाऱ्याला कळत नाही. ते कळते साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागल्यावर. व्हर्निअर कॅलिपरने स्वतःच्या गाडीच्या हबचा उंचवटा आणि रिमचे मधले भोक मोजावे. स्पेसरचे आतले भोक त्या हबवर फटीशिवाय बसले पाहिजे आणि बाहेरच्या बाजूला रिमच्या भोकात बसणारी कड स्पेसरला असली पाहिजे.

प्रकार दोन आहेत. पहिला म्हणजे नुसती पातळ चकती, जी मूळ स्टडवर सरकवून वरून रिम लावतात. तिच्या जाडीइतके आटे नटाला कमी मिळतात. एम१२ स्टडवर नट किमान १२ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण ८ फेरे, चढला पाहिजे. तो हाताने फिरवून फेरे मोजावेत आणि आठाच्या खाली भरले तर लांब स्टड बसवल्याशिवाय ती चकती वापरू नये. दुसऱ्या प्रकारात स्पेसर गाडीच्या स्टडवर सहा नटांनी आवळतात आणि रिम स्पेसरच्या स्वतःच्या सहा स्टडवर बसते. ऑफरोडच्या कामाला हाच प्रकार घ्यावा. तो सहसा २५ मिलिमीटरपासून पुढे मिळतो, कारण त्याहून पातळ स्पेसरमधून गाडीचे मूळ स्टड बाहेर डोकावतात. आपले स्टड हबच्या पृष्ठभागापासून किती बाहेर आहेत ते मोजावे. समजा ते ३२ मिलिमीटर आहेत आणि स्पेसर ३० चा आहे, तर उरलेले २ मिलिमीटर रिमला स्पेसरवर टेकू देणार नाहीत. अनेक अलॉय रिमना मागच्या बाजूला स्टडच्या मधोमध खोलगट जागा असते, तिथे हे टोक सामावते. लोखंडी रिमला ती जागा बहुधा नसते. स्टड कापण्यापेक्षा थोडा जाड स्पेसर घेणे योग्य.

धातूबाबत तडजोड करू नये. स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५ दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कोरलेला असावा आणि त्याचे स्टड १०.९ ग्रेडचे (हा बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) असावेत. ओतीव ॲल्युमिनियमचा स्वस्त स्पेसर घेऊ नये. एका एक्सलवरचे दोन्ही स्पेसर एकाच जाडीचे हवेत, आणि शक्यतो चारही चाकांना एकच जाडी ठेवावी. चाक जितके बाहेर जाते तितका बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर पडणारा जोर वाढतो, त्यामुळे गरजेपेक्षा एक मिलिमीटरही जास्त घेण्यात शहाणपण नाही.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या कोपऱ्यातील चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट पाव फेरा सैल करावेत, मग गाडी उचलून जॅक स्टँडवर टेकवावी. निव्वळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली काम करू नये. चाक काढण्यापूर्वी ते वरून आणि खालून धरून हलवून पाहावे. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट आधी बदलावा. झिजलेल्या बेअरिंगवर स्पेसर लावणे म्हणजे दुखणे वाढवणे आहे.

चाक निघाल्यावर हबकडे नीट पाहावे. पुढच्या डिस्कवर किंवा मागच्या ड्रमवर एखाद्या स्टडभोवती पत्र्याची पातळ दातेरी चकती अडकलेली दिसते. कारखान्यात जुळणी होईपर्यंत डिस्क जागेवर राहावी म्हणून ती घातलेली असते आणि नंतर तिचे काही काम उरत नाही. ती पक्कडीने काढून टाकावी, नाहीतर स्पेसर तिच्यावर टेकून तिरका बसेल. त्यानंतर सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम: हबचा सपाट भाग आणि मधला उंचवटा वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने घासून धातू दिसेपर्यंत गंज काढावा. आठ-दहा पावसाळे पाहिलेल्या गाडीत उंचवट्याच्या मुळाशी गंजाचा कडक थर साचलेला असतो, आणि स्पेसरची आतली कड नेमकी तिथेच बसायची असते. बोट फिरवून खरखर लागणार नाही इतके घासावे आणि शेवटी ब्रेक क्लीनरने पुसावे. स्टडचे आटेही ब्रशने साफ करावेत; एखादा स्टड वाकलेला किंवा आटे मेलेला असेल तर तो आताच बदलावा.

रिमची मागची बाजूही तशीच पाहावी. माझ्या पहिल्या अनुभवात हब मी चकचकीत केला, पण स्पेसरवर दिलेला काळा रंग तसाच ठेवला. शंभर किलोमीटरनंतर चाक काढून टॉर्क रेंच (ठरवलेल्या ताकदीनेच, म्हणजे टॉर्कने, नट आवळणारा पाना) लावला तेव्हा आतले सहाही नट जवळजवळ पाव फेरा फिरले, आणि स्पेसर काढल्यावर नटांच्या बैठकीभोवती रंग चिरडून त्याची भुकटी झालेली दिसली. रंगाचा थर दाबला गेला, तितका स्टडचा ताण उतरला. नट मागे फिरलाच नव्हता. तेव्हापासून टेकणाऱ्या पृष्ठभागांवर आणि नटांच्या बैठकीत रंगाचा जाड थर असलेला स्पेसर मी घेत नाही.

हबच्या उंचवट्याच्या कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या मलमाचा) अगदी पातळ हात द्यावा. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना धरतात, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीचा स्पेसर दोन पावसाळ्यांनंतर हातोडीशिवाय सुटत नाही. मात्र हे मलम सपाट पृष्ठभागांवर किंवा स्टडच्या आट्यांवर लागू देऊ नये. आट्यांना तेल किंवा ग्रीस लागले तर तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

आता स्पेसर हबवर हाताने ढकलावा. तो सरळ आत जाऊन टेकला पाहिजे. नटाने ओढून बसवावा लागत असेल तर थांबून माप पुन्हा घ्यावे. स्पेसरसोबत आलेलेच बुटके नट आत लावावेत, कारण गाडीचे मूळ नट उंच असतात आणि स्पेसरच्या बाहेर डोकावतात. सहाही नटांच्या आट्यांवर निळ्या रंगाचे, मध्यम ताकदीचे थ्रेड लॉकर (नट सैल होऊ न देणारे चिकट द्रव्य) थेंबभर लावता येते. स्पेसर बनवणाऱ्याने त्याबाबत वेगळी सूचना दिली असेल तर ती पाळावी. नट हाताने शेवटपर्यंत चढवावेत आणि समोरासमोरच्या जोड्या घेत आवळावेत: एक झाला की त्याच्या अगदी समोरचा. आवळणे तीन टप्प्यांत करावे, उदाहरणार्थ आधी ४०, मग ८० न्यूटन-मीटर आणि शेवटी पूर्ण टॉर्क. पूर्ण टॉर्कचा आकडा स्पेसर बनवणाऱ्याने दिलेला असावा. बाहेरच्या नटांसाठी गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा. एम१२ स्टडसाठी तो साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. चाक नसताना हब फिरतो, म्हणून पुढे काम करताना एकाने ब्रेक दाबून धरावा आणि मागे हँडब्रेक लावावा. एअर गनने शेवटचे आवळणे कटाक्षाने टाळावे. गनने नट किती आवळला गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

त्यानंतर रिम स्पेसरवर बसवावी. ती चारही बाजूंनी टेकली आहे का हे टॉर्चने कडेच्या फटीत पाहावे, किंवा नट हलके आवळून कागदाचा कपटा सरकवून पाहावा. रिमला कोणते नट लागतात तेही इथे ठरते: शंकूच्या तोंडाचे नट शंकूच्या बैठकीतच बसतात, आणि टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय रिमना सपाट वॉशरचे नट लागतात. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत. गाडी खाली घेऊन टायर जमिनीला जेमतेम टेकल्यावर बाहेरचे नट त्याच क्रमाने पूर्ण आवळावेत.

घासणे आणि पुन्हा आवळणे

चाक बाहेर आले म्हणजे आतली अडचण सुटली, पण वळताना ते आता मोठा वळसा घेते. त्यामुळे आत न घासणारा टायर बाहेर, बंपरच्या मागच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या अस्तराला घासू शकतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे, मग एक पुढचे चाक आणि त्याच्या तिरके मागचे चाक उंच दगडावर किंवा बांधावर चढवून सस्पेन्शन दाबावे आणि पुन्हा फिरवावे. ब्रेकची होज आणि सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर चाके पुन्हा काढावी लागतात. बरेच जण फक्त बाहेरचे नट तपासून समाधान मानतात, पण आतले नट रिमखाली लपलेले असतात आणि सैल होण्याची खरी शक्यता त्यांच्याचपाशी असते. चाक काढून आतले सहा नट टॉर्क रेंचने तपासावेत, मग रिम लावून बाहेरचे. हेच ५०० किलोमीटरनंतर आणि पुढे दर ५,००० किलोमीटरला, शिवाय प्रत्येक पावसाळा संपल्यावर करावे. थ्रेड लॉकर लावलेला नट या तपासणीत हलला तर तो काढून, आटे साफ करून, नव्या थेंबासह पुन्हा बसवावा. तपासलेल्या प्रत्येक नटावरून स्पेसरपर्यंत पेंट मार्करने एक रेघ ओढून ठेवावी; पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरल्याचे तत्काळ कळते. मात्र रेघ जुळलेली आहे म्हणून टॉर्क रेंच लावणे टाळू नये, कारण रंग किंवा गंज दबल्याने उतरलेला ताण रेघेवर दिसत नाही.

मध्येच स्टिअरिंग थरथरू लागले, किंवा हळू वेगात चाकातून टकटक ऐकू आली, तर टायरवाल्याकडे बॅलन्सिंगला जाण्यापूर्वी गाडी बाजूला घेऊन नट तपासावेत. गाडीत टॉर्क रेंच, आतल्या बुटक्या नटांना पुरेल असा पातळ भिंतीचा सॉकेट आणि प्रत्येक प्रकारचे दोन जादा नट कायम ठेवावेत, कारण कंपनीने दिलेला पाना स्पेसरच्या आतल्या खोबणीत शिरत नाही.