प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय? लगदा बुधवारीच भिजवा

कात्री, पट्टी, चार्टपेपर हे सांगायला नको. घरात आहे का ते आत्ता बघा, रात्री नऊनंतर नको.

आधी नीट सूचना मिळवा. वहीत उतरवलेलं 'ज्वालामुखी, सोमवार' म्हणजे सूचना नव्हे. मॉडेल किती मोठं चालेल, चालतं हवं की नुसतं दाखवायचं, गुण कशाला, सोबत लेखी किती पानं, हे मुलांनाच शाळेत विचारायला लावा. रविवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर विचारलंत तर सात जण सात उत्तरं देतात. विषय निवडायची मुभा असेल तर लहानसा घ्या. सूर्यमाला सोपी वाटते, पण सूर्य फुटबॉलएवढा केला तर त्या प्रमाणात पृथ्वी २ मिलिमीटरची आणि सूर्यापासून जवळपास २४ मीटर दूर. ती करायचीच तर 'प्रमाणात नाही' असं खाली लिहा.

आता वाळायचा वेळ. माझं इथेच फसलं. रविवारी सकाळी बसलो, संध्याकाळी कागदाच्या लगद्याचा झकास डोंगर उभा. आणि ओलाचिंब. रात्री साडेअकराला त्याच्यावर हेअर ड्रायर धरून बसलो होतो. लेक सहावीत, ती केव्हाच झोपलेली. प्रोजेक्ट तिचा, जागरण आमचं. ड्रायरने वरची साल वाळते, आतलं पाणी आतच राहतं. त्यावर रंग फासला. शाळेत पोचेपर्यंत डोंगर एका अंगाला बसला आणि रंग सालीसकट सुटला.

म्हणून दिवस उलटे मोजा. सोमवारी द्यायचंय तर रविवार मोकळा, शनिवारी रंग, त्याआधी लगद्याच्या एकेका पातळ थराला निदान एक दिवस. जाड थर एकदम थापू नका, तो आतून वाळतच नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस अर्ध्या तासात घट्ट होतं म्हणून फसू नका. घट्ट होणं वेगळं, वाळणं वेगळं. पावसाळी हवा असेल तर आणखी एक दिवस धरा. पुन्हा सांगतो, वाळू द्या.

डिंक: थर्माकोलला पांढरा फेविकॉलच लावा. चपलेला लावतात तो उग्र वासाचा पिवळा डिंक थर्माकोल खातो, खड्डे पडतात. पांढराही रात्रभर वाळू द्यावा लागतो, हे ओघाने आलंच.

कापायचं जाड काम आपण करायचं, बाकी लेकराला करू द्या, वाकडं झालं तरी. वर्गात प्रश्न त्यालाच विचारतात. आमच्या लेकीला विचारलं, खरा ज्वालामुखी सोड्याने उसळतो का? ती गप्प. खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर पडलं की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो. खऱ्यात शिलारसात विरघळलेला वायू दाब कमी होताच सुटतो. एवढं तिला सांगायला दोन मिनिटं लागली असती, पण आम्ही डोंगर वाळवत होतो.

फेसाची रंगीत तालीम वेगळ्या पेल्यात करा. डोंगरात कराल तर तो पुन्हा भिजेल.

खोका दारातून जातो का ते मोजा. नाव, इयत्ता, तुकडी मागे. चिकटपट्टी दप्तरात. लेखी पानं आधीच.

आणि शनिवारी रंगाआधी डोंगराला तळापाशी हात लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे.