फिट सुरेख आलाय? आता आकड्यांवर संशय घ्या

विषाणूंच्या गणिती मॉडेलिंगमध्ये येणाऱ्यांना निरोगी पेशी, बाधित पेशी आणि मोकळे विषाणू ही तीन समीकरणं पाठ असतातच. पायथनमध्ये ती सोडवणं एका संध्याकाळचं काम. खरी अडचण त्यानंतर येते आणि तिच्याबद्दल मला कुणी धड सांगितलं नव्हतं.

एचआयव्ही दोन वाटांनी पसरतो. सुटे कण द्रवातून नवी पेशी गाठतात, किंवा दोन पेशी एकमेकींना चिकटल्या की विषाणू थेट शेजारणीत शिरतो. म्हणून समीकरणात आपण दोन पदं घालतो, प्रत्येकाचा दर वेगळा. मग मॉडेल प्रयोगातल्या मोजमापांशी जुळवतो, यालाच फिट म्हणतात. संगणक दोन्ही दर काढून देतो, रेषा ठिपक्यांवरून झक्क जाते, गाईड खूश. आकडे मात्र कवडीमोलाचे असू शकतात.

का, ते सावकाश बघा, माझे कित्येक महिने इथेच गेलेत. पेरेलसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली रुग्णांच्या रक्तातून काढलेलं अर्धायुष्य मोकळ्या विषाणूचं सुमारे ६ तास आणि बाधित पेशीचं सुमारे १.६ दिवस होतं. एक झटपट संपतो, दुसरी रेंगाळते. त्यामुळे थोड्याच वेळात विषाणूंची संख्या बाधित पेशींच्या ठरावीक पटीत राहते. फ्लास्कमध्ये विषाणू जास्त टिकतो, पण तिथेही वाढीच्या टप्प्यात दोघं एकाच वेगाने वाढतात, म्हणजे पट जवळपास तीच. मग ‘विषाणू गुणिले निरोगी पेशी’ आणि ‘बाधित पेशी गुणिले निरोगी पेशी’ ही एकाच पदाची दोन नावं झाली. एक दर वाढवा, दुसरा त्या हिशेबात उतरवा, रेषा जागची हलत नाही. सुरुवातीचे अंदाज बदलून फिट पुन्हा पुन्हा चालवा. दर दरवेळी निराळे आणि त्रुटी तेवढीच आली, तर तुमचा डेटा त्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीये.

कितीही भारी अल्गोरिदम आणा, हे सुटणार नाही. २०१५ साली जपानच्या शिंगो इवामींच्या गटाने काय केलं? जुरकट पेशींचं (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या टी-पेशी) एक कल्चर, म्हणजे द्रवात वाढवलेल्या पेशी, स्थिर ठेवलं, दुसरं सतत हलवत ठेवलं. हलत्या पेशी एकमेकींना धड चिकटत नाहीत, त्यामुळे तिथे उरते ती बहुतेक सुट्या कणांची वाट. दोन्ही कल्चरचा डेटा एकत्र फिट केल्यावर दर सुटे झाले. स्थिर कल्चरमध्ये सुमारे ६० टक्के लागण पेशीतून पेशीत झालेली निघाली.

म्हणून माझं हटवादी मत: प्रयोगशाळेत पाय न ठेवणारा गाईड या विषयात निम्माच गाईड. आणि सीनियरचा तयार कोड घेऊन पॅरामीटरचे (म्हणजे अशा दरांचे) तक्ते छापणं बंद करा. परीक्षक मुकाट सोडतील, पुढचा प्रयोग सोडणार नाही.

एवढं वाचून पळून जाऊ नका. दोन दर सुटे कळले नाहीत तरी त्यांचा एकत्रित परिणाम बहुधा चांगला कळतो, आणि पुष्कळ प्रश्नांना तेवढं पुरतं. फ्लूच्या मॉडेलमध्येही असंच आहे. फक्त विषाणू मोजलेत ना? मग सुरुवातीच्या पेशी ४० कोटींऐवजी ८० कोटी धरा आणि प्रत्येक पेशीतून निघणारे विषाणू निम्मे करा. आलेख तोच. दोघांचा गुणाकार पक्का असतो, तोच लिहा.

डेटा हातात घेताना विचारा, आरएनए (विषाणूचा जनुकीय पदार्थ) मोजलाय की लागण करू शकणारे कण. आरएनएच्या मोजणीत निकामी कणही येतात. हे प्रयोग करणाऱ्या मुलीलाच विचारा, पेपरात बघत बसू नका. आणि नमुने घ्यायच्या वेळा ठरायच्या आधी विचारा, नंतर ती काही बदलू शकत नाही.