सैल झालेला नट दाखवणारी रंगाची रेघ

जुनी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवताना कंपनांमुळे नट-बोल्ट सैल होत जातात, आणि दोन सत्रांच्या मधल्या थोड्या वेळात प्रत्येक नटाला पाना लावून पाहणे शक्य नसते.

यासाठी सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक कॅलिपर आणि इंजिन माउंट यांचे नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) ठरलेल्या मापापर्यंत आवळून झाले की ती जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी, आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पेंट मार्करने बोल्टच्या टोकावरून, नटाच्या कडेवरून, शेजारच्या स्थिर भागापर्यंत एकच सलग रेघ ओढावी. रेघ बोल्टवरूनही नेणे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे फक्त नट फिरला की त्याच्यासोबत संपूर्ण बोल्टच फिरला, हेही समजते. गाडी परतल्यावर टॉर्च घेऊन फक्त रेघा पाहाव्यात. जिथे रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसेल, तिथेच पाना लावावा. एक्झॉस्टजवळ साधा रंग जळून जातो, म्हणून तिथे उष्णता सहन करणारा रंग वापरावा. नट पुन्हा आवळल्यास जुनी रेघ पूर्ण पुसूनच नवी ओढावी.

मात्र रेघ जागेवर असली तरी बोल्ट ताणला गेल्याने किंवा गॅस्केट (दोन भागांमधला सीलचा थर) दबल्याने पकड कमी झालेली असू शकते. त्यामुळे चाकांचे नट, चाके थंड झाल्यावर, प्रत्येक सत्रापूर्वी टॉर्क रेंचनेच तपासावेत.