सिम्युलेटरवर चाललेलं सर्किट डेमोला नेण्याआधी

मायक्रोकंट्रोलर चिप आधी ठरवा, मग सिम्युलेटर, म्हणजे ती चिप संगणकावर चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर. एव्हीआर असेल तर सिमएव्हीआर किंवा सिम्युलआयडीई, पिकसाठी जीपीसिम, ८०५१ साठी एसडीसीसीसोबत मिळणारं यूसीसिम, कॉर्टेक्स-एमला रेनोड. सगळी ओपन सोर्स आहेत, त्यामुळे क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह वर्गभर फिरवू नका. इन्स्टॉल करायचं कसं ते इथे सांगत नाही. आर्डुइनोची हेक्स फाइल (कंपाइल झालेला कोड) बूटलोडर, म्हणजे चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम, नसलेली घ्या.

आता क्लॉक, म्हणजे चिपचा वेग. कोडमधला एफ-सीपीयू (F_CPU), सिम्युलेटरमध्ये भरलेली फ्रिक्वेन्सी आणि चिपचे फ्यूज (वितळणारे नव्हेत, चिपच्या आत लिहिलेल्या सेटिंग), तिन्हीकडे एकच आकडा हवा. वहीत लिहून ठेवा. एफ-सीपीयूमुळे चिपचा वेग बदलत नाही, तो आकडा फक्त कंपायलरच्या हिशेबासाठी असतो. सिम्युलेटरला १६ मेगाहर्ट्झ सांगितलं की तो निमूट तेवढ्यावर पळतो, चिपचे फ्यूज त्याला ठाऊकच नसतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली कोरी एटमेगा३२८पी (एव्हीआर चिप) मात्र आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आठाने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. शेजारी १६ चं क्रिस्टल लावलं तरीही! सेकंदाला लुकलुकणारा एलईडी मग सोळा सेकंद घेतो, सिरियलवर कचरा येतो आणि एक्स्टर्नल परीक्षक घड्याळाकडे बघायला लागतात. अशा वेळी वायरिंग उसकत बसू नका, वायरिंगचा काही दोष नसतो.

म्हणून एव्हीआरड्यूडने (प्रोग्रामरमार्फत चिप वाचणारं-लिहिणारं सॉफ्टवेअर) लो फ्यूज, म्हणजे क्लॉक ठरवणारा फ्यूज, आधी वाचा. ०एक्स६२ (0x62) आला तर चिप अजून कोरीच आहे. आर्डुइनो उनोवर तो ०एक्सएफएफ (0xFF), म्हणजे बाहेरच्या क्रिस्टलचा, असतो. क्रिस्टल जोडल्याशिवाय तो लिहिलात तर चिप प्रोग्रामरला दादच देणार नाही. आणि १ मेगाहर्ट्झवर असेपर्यंत प्रोग्रामरही सावकाश चालवावा लागतो, त्यासाठी एव्हीआरड्यूडचा कॅपिटल बी (-B) हा पर्याय आहे.

सिम्युलेटरमधलं बटण शहाण्यासारखं एकदाच दाबलं जातं, खरं थरथरतं, एका दाबाचे अनेक दाब मोजले जाऊ नयेत म्हणून कोडमध्ये डीबाउन्स लिहा. मोकळ्या इनपुट पिनला पुल-अप (पुरवठ्याकडे जोडणारा रेझिस्टर) द्या. पुरवठ्याच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर.

फ्यूज वाचलेत? नुसती मान हलवू नका, वाचा.

बाकी नेहमीचंच: डेटा जाणारी यूएसबी केबल, मल्टिमीटर. डेमो गुरुवारी असेल तर लॅपटॉप चार्ज करून न्या, गुरुवारी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको. एक जादा चिप. तिचेही फ्यूज आदल्या रात्रीच लिहा.