संदेष्ट्याचा ग्रंथ वाचताना आधी निरोप शोधा

आमच्या मंडळीत बुधवारच्या बायबल अभ्यासाला नवीन बाई आली की विचारते, "संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे ना?" भविष्य त्यांच्या बोलण्यात येतंच. पण मराठी शब्द नीट ऐका: संदेष्टा म्हणजे संदेश पोचवणारा. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावचे कोतवाल होते. दवंडी देताना आधी हुकूम कुणाचा ते सांगायचे, मग हुकूम. वसुलीची दवंडी असली की लोक चिडायचे ते वडिलांवरच. बायबलातल्या आमोस या संदेष्ट्याचा ग्रंथ वाचताना मला ते दिसतात.

म्हणून सुरुवात आमोसापासून करा. ९ अध्याय आहेत, दोन संध्याकाळी पुरतात. लाल आणि निळी अशा दोन पेन्सिली जवळ ठेवा.

पहिल्या दोन अध्यायांत "परमेश्वर म्हणतो" असं म्हणून जिथे नवा निरोप सुरू होतो, तिथे लाल खूण करा. ८ निरोप सापडतील. त्या काळी राजाचा जासूद असाच बोलायचा. बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात अश्शूर या साम्राज्याचा सरदार यरुशलेमेसमोर उभा राहतो आणि आधी आपल्या राजाचं नाव घेतो. जासूद "मी" म्हणाला तरी तो "मी" धन्याचा. हे ध्यानात नसलं तर दिमिष्कावर, म्हणजे दमास्कसवर, अग्नी पाठवणारा आमोसच आहे असं वाटत राहतं.

मग बायबलमागचा नकाशा उघडा आणि निरोप ज्याला आहे त्या ठिकाणी बोट ठेवत चला. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, यहूदा. बोट शेजाऱ्यांवरून फिरतं आणि आठव्या वेळी इस्राएलावर येऊन थांबतं. समोर बसलेले ऐकणारे इस्राएलचेच! इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याचा काळ, इसवी सनापूर्वीचं आठवं शतक, श्रीमंतांची चंगळ. आणि आरोप काय, तर जोडाभर पायतणासाठी गरिबाला विकलं. आठव्या अध्यायात माप लहान, तराजू खोटा, गव्हात भुसा. इथे घाई करू नका. ही वाक्यं मी वर्गात दोनदा मोठ्याने वाचून घेते.

निरोप्या कोण, तेही बघा. आमोस तकोव्याचा, म्हणजे यरुशलेमेच्या दक्षिणेचा. म्हणजे यहूदा या दक्षिणेच्या राज्यातला. बोलतो उत्तरेच्या राज्यात, म्हणजे इस्राएलात, बेथेलला, राजाच्या पवित्रस्थानी. तिथला याजक, म्हणजे पुजारी, अमस्या त्याला म्हणतो, यहूदात जा, तिथे भाकर खा. आमोसाचं उत्तर साधं आहे: मी गुरं राखणारा, उंबरांची निगा करणारा, मला परमेश्वराने कळपामागून उचललं. ते झाड आपल्या उंबराच्याच गोतातलं. फळ पिकावं म्हणून त्याला चीर द्यायचे. बोटांना चीक लागलेला असा माणूस राजाच्या याजकापुढे उभा आहे, हे डोळ्यांसमोर आणा.

निळी पेन्सिल सातव्या अध्यायासाठी. टोळ दिसतात, मग अग्नी दिसतो, आणि दोन्ही वेळा आमोस देवालाच विनवतो: याकोबाचा, म्हणजे इस्राएलाचा, निभाव कसा लागेल? तो लहान आहे. इथे निरोप उलट्या दिशेने चाललाय, लोकांकडून देवाकडे. त्या ओळींखाली निळी रेघ ओढा. दोन्ही वेळा परमेश्वर ती शिक्षा मागे घेतो. तिसऱ्या वेळी ओळंबा दिसतो आणि आमोस काहीच मागत नाही. तिथे पेन्सिल खाली ठेवा आणि थोडा वेळ गप्प बसा.