कैलासगिरीवर सूर्यास्त शोधू नका: विशाखापट्टणमला जाणाऱ्या नागपूरकरांनी या चुका टाळा

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर आहे. विशाखापट्टणमची कैलासगिरी टेकडी १७३ मीटर. म्हणजे धंतोलीत ओट्यावर बसून चहा पिणारा माणूस कैलासगिरीच्या माथ्यापेक्षा उंचावर बसलेला असतो. हे गणित मी गाडीत घरच्यांना मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर धापा टाकायला लागलो तेव्हा पोट्ट्यांनी तेच मला परत ऐकवलं. टेकडी लहानच आहे, पण ती समुद्राच्या काठावरून उठते, त्यामुळे सगळी उंची शून्यापासून मोजावी लागते. सेमिनरी हिल्सवर स्कूटर नेऊन "टेकडी चढलो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आमची खरी फजिती मात्र संध्याकाळी झाली.

सूर्य पाठीमागे मावळतो

आपल्या डोक्यातला समुद्र गोव्याचा नाहीतर कोकणातला. तिथे संध्याकाळी वाळूत बसायचं आणि लाल गोळा पाण्यात बुडताना पाहायचा. तोच हिशेब घेऊन आम्ही साडेचारला कैलासगिरीवर पोचलो. शंकर-पार्वतीच्या चाळीस फुटी पांढऱ्या मूर्तींसमोर फोटो काढले, समुद्राकडचा कठडा धरला आणि वाट पाहत बसलो. समुद्र हळूहळू राखाडी होत गेला. काकू म्हणाल्या, "ढग आले वाटते बाप्पा." ढग नव्हतेच. सूर्य आमच्या पाठीमागे, शहरापलीकडच्या डोंगरांआड गेला होता.

विशाखापट्टणमचा किनारा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे तिरका जातो आणि समुद्र त्याच्या आग्नेय बाजूला आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकतो तेव्हाही तो जमिनीवरच मावळतो, पाण्यात नाही. उगवतो मात्र वर्षभर समुद्रातून. बंगालचा उपसागर पूर्वेला आहे हे शाळेत शिकलेलो असतो, पण सहलीचा बेत आखताना ते आठवत नाही.

घड्याळाचीही गफलत होते. हे शहर आपल्यापेक्षा चार अंश पूर्वेला आहे, त्यामुळे दिवस लवकर उजाडतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरअखेरीस तिथे साडेपाचलाच सूर्य जातो. मे महिन्याच्या शेवटी नागपुरात पावणेसातनंतरही ऊन रेंगाळतं, तिथे साडेसहाच्या आत मावळलेलं असतं. "दुपारची झोप काढून निघू" म्हणणारे अंधारात पोचतात.

मग करायचं काय? सूर्योदय खाली किनाऱ्यावरूनच पाहा. टेकडीच्या पायथ्याला तेन्नेटी पार्क आहे, तिथला खडकाळ काठ त्यासाठी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सव्वासहापर्यंत, मे महिन्यात सव्वापाचपर्यंत तिथे उभं राहायचं. नंतर इडली खाऊन टेकडी उघडली की वर जायचं. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी हॉटेलात विचारून ठेवा.

सकाळी जाण्याचा आणखी एक फायदा आहे. कैलासगिरीचा जो फोटो सगळे पाहतात, चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, त्याला लगटून जाणारा बीच रोड आणि टोकाला डॉल्फिन्स नोजचा डोंगर, तो नैर्ऋत्येकडे तोंड करून काढावा लागतो. सकाळी ऊन डावीकडून आणि पाठीमागून येतं, पाणी निळं दिसतं. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि सगळं शहर धुरकट होतं. माझ्याकडे असे धुरकट फोटो चाळीसेक आहेत. मोबाइल बदलून उपयोग नाही, वेळ बदला.

"चौतीस अंश? हे काय ऊन आहे का?"

पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला चौतीसचं काय भय, असं वाटतं. इथेच आपण फसतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम निघतो तसा वाळतो आणि अंग थंड ठेवतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही, अंगावर नुसता वाहतो. आपला वाळ्याचा कुलर तिथे चालणार नाही, त्याचं कारणही हेच. घाम निघतोय पण थंडावा नाही, अशा अवस्थेत भर दुपारी पायऱ्या चढलात तर डोकं गरगरायला वेळ लागत नाही. असं झालं तर सावलीत बसा, शर्टाची बटणं सैल करा, मीठ-साखरेचं पाणी किंवा नारळपाणी घोटघोट प्या आणि वारा घ्या. दुपट्टा तोंडाला घट्ट गुंडाळायची नागपुरी सवय तिथे उलट त्रास देते. सुती कपडे आणि टोपी पुरे.

पायऱ्यांची हौस नसेल तर वर रस्ता जातो, शहर बस आहे आणि रोपवे आहे. जोराचं वारं सुटलं की रोपवे थांबवतात. तेव्हा तिकीट खिडकीशी वाद घालत बसू नका, रिक्षा करून वर जा. माथ्याला वळसा घालणारी टॉय ट्रेन वर गेल्या गेल्या गाठा, रविवारी संध्याकाळी तिच्या रांगेतच दिवस संपतो.

दिवाळीच्या सुटीचं तिकीट

आपल्याला सुटी मिळते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवसही तेच. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ याच शहरावर धडकलं आणि कैलासगिरीवरची झाडं आडवी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच खवळलेल्या समुद्राने बांगलादेशाचं एक मालवाहू जहाज तेन्नेटी पार्कच्या खडकांवर आणून टाकलं होतं. म्हणून निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून हवामान खात्याचे इशारे पाहत चला आणि गरज पडली तर तिकीट रद्द करायला कचरू नका. जमत असेल तर डिसेंबर-जानेवारी निवडा. नाहीतरी अधिवेशन सुरू असताना नागपुरात जागोजागी बॅरिकेड लागलेले असतात, तेव्हा गाव सोडलेलं काय वाईट?

वरून पाणी कितीही शांत दिसो, खाली उतरून त्यात शिरू नका. या किनाऱ्यावर पाणी एकदम खोल होतं, आत ओढणारे प्रवाह आहेत आणि कैलासगिरीखाली तर खडकच खडक. अंबाझरी तलावाच्या काठावर वाढलेल्या पोट्ट्यांना लाटेच्या ओढीचा अंदाज नसतो. पाऊल भिजवायचंच असेल तर जिथे जीवरक्षक आहेत अशा ठिकाणी, गुडघ्यापर्यंत.

ड्रोन घरीच ठेवा. हे नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालय असलेलं शहर आहे, लग्नाच्या शूटिंगवाल्या भाच्याला हे आधीच बजावून सांगा. आणि डोंगरातलं अराकू खोरं आणि कैलासगिरी एका दिवसात उरकायचा बेत करू नका. अराकूचं अंतर एका बाजूला शंभर किलोमीटरहून जास्त आहे, तेही घाटाचं.

जाता जाता खाण्याचं. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, पण तिथल्या हॉटेलात "सांबार कमी टाका" म्हणालात तर वाटीभर आमटी कमी येईल, कोथिंबीर तशीच राहील. हा घोळ आमच्या काकूंनी दोनदा घातला. आणि सावजी पचवतो म्हणून आंध्रातल्या तिखटाशी पैज लावू नका.

एवढं सगळं वाचूनही ज्यांना संध्याकाळीच वर जायचं आहे त्यांनी पौर्णिमा पाहून तिकीट काढावं. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमाराला चंद्र उगवतो, आणि इथे तो समुद्रातून वर येतो. दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. शहराकडे पाठ करून त्याच कठड्याशी उभे राहिलो. आधी पाण्याच्या रेषेवर तांबूस डाग दिसला, पुढच्या दोन-तीन मिनिटांत तांब्याच्या परातीएवढा चंद्र वर आला आणि त्याची वाट थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत पाण्यावर पसरली. काकू म्हणाल्या, "मसाला दूध आणाले पाहिजे होते."