अमेरिकन लष्करी अळी: आपल्या शिवारात मुक्कामी की उडत येणारी?

मका पेरायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. आपला भाग या अळीच्या बारमाही मुक्कामाचा आहे, की तिचे पतंग दरवर्षी बाहेरून उडत येतात? पेरणी कशी उरकायची, हे त्यावर ठरतं.

या किडीला सुप्तावस्था नाही. कडाक्याच्या थंडीत कोषात दडून राहणं तिला जमत नाही, गोठवणारी थंडी टिकली की ती मरते. अमेरिकेत ती हिवाळा काढते दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सासच्या उबदार पट्ट्यात, आणि उन्हाळ्यात पिढ्यान् पिढ्या पुढे सरकत कॅनडापर्यंत पोचते. पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत 100 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून किडीचा धोका दाखवणाऱ्या, हवामानावर बेतलेल्या नकाशात आपला भाग ‘प्रतिकूल’ दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की कीड तिथे वर्षभर तग धरणार नाही. हंगामात ती येणारच नाही, असं नकाशा सांगत नाही. ही गफलत फार महागात पडते.

उलटी चूकही होते. नुसत्या पावसावर काढलेला नकाशा कोरडा भाग सुरक्षित दाखवतो, पण तिथे ओलिताखाली उन्हाळी मका किंवा चारा उभा असेल तर अळीला खाद्य मिळतंच. आपल्या परिसरात वर्षातले किती महिने मका किंवा ज्वारी हिरवी असते, हे नकाशापेक्षा तुम्हालाच नीट ठाऊक आहे. थंडी सौम्य आणि हिरवा मका बारमाही, असं असेल तर मुक्काम धरून चाला. मग गावाने मिळून थोड्या दिवसांत पेरणी उरकलेली बरी. मागास पेरलेल्या कोवळ्या मक्यावर आधीच्या शेतांतले पतंग तुटून पडतात.

पसरण्याचा वेग किती? 2016 मध्ये ही कीड पश्चिम आफ्रिकेत नोंदली गेली, 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात आढळली आणि 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात पोचली.

आता उष्णतेचा हिशेब, कारण घरच्या घरी करता येण्यासारखं भाकीत हेच आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मं करा, त्यातून 12.6 वजा करा. अशी रोजची शिल्लक साठत सुमारे 390 झाली की अंड्यापासून पतंगापर्यंत एक पिढी पुरी होते. सरासरी 26 अंश असेल तर साधारण 29 दिवस, 18 अंश असेल तर 72 दिवस लागतात. कडक उन्हाळ्यात मात्र हा हिशेब फसतो, फार उष्णतेत वाढ मंदावते. 26 अंशांच्या आसपास अंडी तिसऱ्या दिवशी फुटतात, तेव्हा पानावर अंडीपुंज दिसला तर तिथेच चुरडा, उद्यावर टाकू नका.

पतंगांवर नजर ठेवण्यासाठी एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारे) पेरणीबरोबरच लावा. त्यात फक्त नर सापडतात आणि कधी इतर जातींचे पतंगही येतात, म्हणून सापळा रिकामा असला तरी पीक पाहणं थांबवू नका. उगवणीनंतर आठवड्यातून दोनदा शेतात फिरा. पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा: पानावर पांढुरके पारदर्शक चट्टे, पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) भुशासारखी विष्ठा. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके असले की ओळख पक्की. कोवळ्या पिकात शंभरातली 5 झाडं अळी लागलेली दिसली तर 5 टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारा. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली, वर विष्ठेचं बूच बसलं, की फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

सापळ्यातले पतंग आणि लागलेली झाडं तारखेनिशी वहीत मांडा. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या की पहिला पतंग साधारण कधी येतो ते कळेल. थंडी संपतासंपताच सापळ्यात पतंग पडू लागले, तर किडीचा मुक्काम जवळपासच आहे असं समजा.